प्रश्नकर्त्याचें आसन

प्रश्न विचारणें हें जगांतील अत्यंत जुन्या कामांपैकीं एक काम आहे. महाभारतांतील यक्षानें सरोवराच्या कांठीं युधिष्ठिराला प्रश्न विचारले. उपनिषदांतील गार्गीनें भर सभेंत याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारले. आणि खेड्यापाड्यांतील आजी आपल्या नातवंडांना दिवेलागणीला कोडीं घालीत आली. यांपैकीं बहुतेक ठिकाणीं एक गोष्ट समान दिसते. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातीं कांहींतरी सत्ता असते. यक्षाच्या हातीं चार भावांचे प्राण होते, गुरुजींच्या हातीं छडी असते, परीक्षकाच्या हातीं गुण असतात. त्या सत्तेचा उपयोग तो कसा करतो, यावरून उत्तर देणाऱ्याची मान ताठ राहते कीं खालीं जाते, हें ठरतें.

दूरचित्रवाणीच्या युगांत या प्राचीन कामाला एक नवें रूप मिळालें. झगझगीत दिव्यांखालीं दोन आसनें मांडलेलीं. एकावर प्रश्नकर्ता, दुसऱ्यावर स्पर्धक. दोघांच्या मध्यें संगणकाचा पडदा. आणि प्रत्येक बरोबर उत्तरागणिक वाढत जाणारी बक्षिसाची रक्कम. २०१९ सालीं सोनी मराठी वाहिनीवर ‘कोण होणार करोडपती’ या नांवानें हा खेळ झाला, तेव्हां त्यांतील प्रश्नकर्त्याच्या आसनावर श्री. नागराज मंजुळे बसले. ही घटना वरवर पाहतां करमणुकीच्या जगांतील एक साधी नेमणूक होती. परंतु त्या आसनाचा इतिहास आणि त्यावर बसलेल्या मनुष्याचें चरित्र हीं दोन्हीं एकत्र पाहिलीं, म्हणजे तिचा खरा अर्थ ध्यानांत येतो.

या खेळाला मोठा बहर प्रथम अमेरिकेंत आला, आणि त्याला पहिली मोठी कीडहि तेथेंच लागली. १९५५ सालीं तेथें चौसष्ट हजार डॉलरांच्या प्रश्नाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या यशामुळें तसले अनेक कार्यक्रम निघाले. त्यांपैकीं ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमांत हर्बर्ट स्टेम्पेल नांवाचा सामान्य परिस्थितींतील एक मनुष्य कांहीं आठवडे जिंकत होता. कार्यक्रमाच्या चालकांनीं असा हिशेब केला कीं, प्रेक्षकांना याच्यापेक्षां सुस्वरूप व कुलीन विजेता अधिक आवडेल. म्हणून, उत्तर ठाऊक असतांनाहि चुकीचें उत्तर देऊन हरण्याची आज्ञा स्टेम्पेलला झाली. त्याच्या जागीं कोलंबिया विद्यापीठांतील तरुण अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन हा विजयी झाला व साऱ्या देशाचा लाडका बनला. त्याला उत्तरें अगोदरच पुरविलीं जात होतीं, हें त्यानें नोव्हेंबर १९५९ मध्यें अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें कबूल केलें. १९६० सालीं असल्या लबाडीला बंदी करणारी तरतूद तेथील कायद्यांत झाली.

या प्रकरणांतील लांचलुचपतीची बाजू सर्वांच्या लक्षांत राहिली; तथापि तिच्याहून गंभीर बाजू दुसरीच आहे. ज्ञान कोणाच्या तोंडीं शोभतें, याविषयीं समाजाच्या मनांत एक चित्र ठरलेलें असतें. त्या चित्रांत स्टेम्पेल बसत नव्हता, म्हणून त्याचें खरें ज्ञान खोटें ठरविण्यांत आलें. आणि व्हॅन डोरेन त्यांत बसत होता, म्हणून त्याचें उसनें ज्ञान खरें ठरविण्यांत आलें. हा रोग एकट्या अमेरिकेचा नाहीं, हें निराळें सांगावयास नको. मुंबई इलाख्यांत १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत महार समाजांतील एका मुलानें प्रवेश मागितला असतां तो नाकारण्यांत आला. त्या मुलाला उत्तर येतें कीं नाहीं, हें पाहण्याची पाळीच आली नाहीं. कारण त्याला प्रश्न विचारण्यासच कोणी तयार नव्हता. ज्याला कोणी प्रश्नच विचारीत नाहीं, त्याचें अज्ञान गृहीत धरलेलें असतें.

आपल्याकडे प्रश्नमंजूषा प्रथम गाजली ती नभोवाणीवर. मुंबईचे हमीद सयानी यांनीं १९७२ सालापासून ‘बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट’ चालविली. १९७५ सालीं त्यांचें निधन झाल्यावर तें काम त्यांचे धाकटे बंधु अमीन सयानी यांनीं हातीं घेतलें. ‘बिनाका गीतमाला’ या कार्यक्रमामुळें अमीन सयानी यांचा आवाज आधींच घराघरांत पोंचलेला होता. या बंधूंच्या मातोश्री कुलसुम सयानी यांनीं नवसाक्षर प्रौढांसाठीं ‘रहबर’ नांवाचें पाक्षिक अनेक वर्षें चालविलें होतें. ज्ञान सोपें करून घरोघर नेण्याचें वळण त्या घराला होतेंच. तथापि या प्रश्नमंजूषेची भाषा इंग्रजी होती व तिचे स्पर्धक प्रामुख्यानें शहरांतील शाळांचे विद्यार्थी होते. १९८५ सालीं सिद्धार्थ बसू यांनीं दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ सुरू केलें. त्यांतहि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या जोड्या इंग्रजींत उत्तरें देत. खेळ चुरशीचा व स्वच्छ होता. परंतु ज्याला इंग्रजी येत नाहीं, त्यानें तो अंगणांतून पाहावा, माजघरांत येऊं नये, अशी त्याची घडण होती.

ही घडण मोडली ती ३ जुलै २००० रोजीं. इंग्लंडमध्यें सप्टेंबर १९९८ मध्यें निघालेल्या एका कार्यक्रमाच्या धर्तीवर ‘कौन बनेगा करोडपति’ त्या दिवशीं हिंदींत सुरू झाला आणि श्री. अमिताभ बच्चन हे प्रश्नकर्ते झाले. हिंदीचे नामांकित कवि हरिवंशराय बच्चन यांचे ते चिरंजीव. त्यांच्या वाणींत भारदस्तपणा होता. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, समोर कोणीहि बसो, ते त्याच्याशीं आदरार्थी बहुवचनांत बोलत. शिपायाला, शेतकऱ्याला, गृहिणीला देशाच्या सर्वांत प्रसिद्ध नटानें ‘आप’ म्हणावें, ही गोष्ट कोट्यवधि लोकांनीं डोळ्यांनीं पाहिली. त्याच वर्षीं एक कोटि रुपये जिंकणारा पहिला स्पर्धक महाराष्ट्राचा निघाला. मुंबईचे हर्षवर्धन नवाथे हे त्या वेळीं सनदी सेवेच्या परीक्षेची तयारी करीत होते.

तरीहि जुना संशय पुरता गेला नव्हता. विकास स्वरूप यांनीं २००५ सालीं याच खेळावर एक इंग्रजी कादंबरी लिहिली आणि २००८ सालीं तिच्यावर ‘स्लमडॉग मिलियनेअर’ हा चित्रपट निघाला. त्यांत झोपडपट्टींतील एक अनाथ मुलगा सर्व उत्तरें बरोबर देतो, आणि खुद्द प्रश्नकर्ताच त्याला लबाड समजून पोलिसांच्या स्वाधीन करतो. मुलाला प्रत्येक उत्तर कोणत्या ना कोणत्या दुःखांतून ठाऊक झालेलें असतें. कथा कल्पित असली तरी तिच्यांतील प्रश्नकर्ता कल्पित म्हणून सोडून देतां येत नाहीं. गरिबाच्या तोंडीं बरोबर उत्तर आलें कीं तें त्यानें कोठून चोरलें, असें विचारणारे लोक शाळेंत, कचेरींत व बाजारांत नित्य भेटतात.

मराठींत हा खेळ २०१३ सालीं ‘कोण होईल मराठी करोडपती’ या नांवानें आला. रंगभूमि व चित्रपट यांवर नांव मिळविलेले श्री. सचिन खेडेकर हे त्याचे पहिले प्रश्नकर्ते. श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांत नेताजी सुभाषचंद्र बोस यांची भूमिका करणारे ते हेच. पुढें २०१६ सालीं श्री. स्वप्नील जोशी यांनीं हें काम केलें. दोघेहि कसलेले नट. सभेंत बोलण्याची त्यांना सवय होती. २०१९ सालीं मात्र निवड झाली ती एका कवीची व दिग्दर्शकाची.

श्री. नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांतील जेऊर या गांवचे. त्यांचा जन्म वडार समाजांत झाला. दगड फोडणें, माती उकरणें, विहिरी व ताली बांधणें हें या समाजाचें परंपरेनें चालत आलेलें काम. महाराष्ट्रांतील कित्येक रस्त्यांची खडी आणि कित्येक शाळांच्या पायांतील दगड या लोकांच्या हातून गेला. परंतु त्याच शाळांच्या आंत त्यांचीं मुलें पोंचावयास फार काळ लागला. गरिबींतून वाट काढीत मंजुळे यांनीं पुणें विद्यापीठांतून मराठी विषयांत एम्. ए. ची पदवी घेतली. त्यानंतर अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथील महाविद्यालयांत त्यांनीं संज्ञापन शास्त्राचा अभ्यास केला. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा त्यांचा कवितासंग्रह वाचकांच्या पसंतीस उतरला.

चित्रपटाच्या क्षेत्रांत त्यांचें पहिलें पाऊल ‘पिस्तुल्या’ या लघुपटाच्या रूपानें पडलें. शाळेंत जाण्याची ओढ लागलेल्या, पण परिस्थितीनें शाळेच्या दाराबाहेर ठेवलेल्या एका मुलाची ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. २०१३ सालच्या ‘फँड्री’ मध्यें हाच विषय अधिक कठोरपणें आला. जब्या हा कैकाडी समाजांतील शाळकरी मुलगा. गांवांतील डुकरें पकडण्याचें काम त्याच्या घराकडे आलेलें. वर्गांत बरोबरीनें बसणाऱ्या मुलांसमोर त्याला तें काम करावें लागतें. पकडलेलें डुकर वाहून नेलें जात असतां मागें शाळेच्या भिंतीवर थोर समाजसुधारकांचीं चित्रें दिसतात. भिंतीवर समतेचीं चित्रें आणि भिंतीसमोर विषमतेचें ओझें, ही विसंगति कोणत्याहि व्याख्यानाशिवाय पाहणाऱ्याच्या काळजाला भिडते. पुढें एप्रिल २०१६ मध्यें आलेल्या ‘सैराट’ नें लोकप्रियतेचे सर्व उच्चांक मोडले. तिकिटांच्या उत्पन्नांत शंभर कोटि रुपयांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट होय.

या चित्रपटांत पात्रांची निवड हीहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. ‘फँड्री’ चा नायक सोमनाथ अवघडे हा खेड्यांतील शाळकरी मुलगा. ‘सैराट’ ची नायिका रिंकू राजगुरू ही अकलूजची शाळकरी मुलगी. यांपैकीं कोणीहि अभिनयाचें शिक्षण घेतलेलें नव्हतें. ज्यांना कोणी कांहीं विचारीत नाहीं, त्यांच्याजवळ सांगण्यासारखें पुष्कळ असतें, या विश्वासावर मंजुळे यांची कला उभी आहे. प्रश्नकर्त्याला लागणारा मुख्य गुण हाच होय. म्हणून प्रश्नमंजूषेच्या आसनाकडे ते वळले, तेव्हां त्यांनीं आपला धंदा बदलला असें म्हणतां येत नाहीं. स्थळ बदललें, काम तेंच राहिलें.

त्यांच्या बोलण्यांत नटाचा आवाज नव्हता, सभा जिंकण्याची फेंक नव्हती. करमाळ्याकडील साधें, संथ, गांवाकडचें मराठी घेऊन ते बसले. याचा परिणाम काय होतो, हें खेड्यांतील मनुष्यच नीट जाणतो. शुद्ध बोलण्याचा दरारा फार मोठा असतो. समोरचा माणूस पुस्तकांतल्यासारखें बोलूं लागला कीं, आपल्या तोंडून एखादा गांवठी शब्द निसटेल या भीतीनें येत असलेलें उत्तरहि घशांत अडकतें. विचारणाराच आपल्यासारखें बोलतो असें दिसलें, म्हणजे ती अर्धी भीति जागच्या जागीं विरते.

ही भाषेची गोष्ट महाराष्ट्राच्या सीमेवर गेलें म्हणजे अधिकच स्पष्ट होते. यवतमाळ जिल्ह्यांतील झरी जामणी तालुक्याचें उदाहरण घ्यावें. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. अलीकडे कपाशीचीं शेतें, मधूनमधून जंगल आणि त्यांच्या कडेनें कोलाम लोकांचे पोड. कातकरी, कोलाम व माडिया गोंड अशा महाराष्ट्रांतील तीन आदिवासी जमाती सरकारनें विशेष दुर्बल म्हणून गणल्या आहेत. त्यांतील ही एक. कोलामी ही द्राविड कुळांतील स्वतंत्र भाषा. पोडावरचें मूल घरीं कोलामी बोलतें, बाजारांत वऱ्हाडी मराठी ऐकतें, सीमेवरच्या गांवांत तेलुगूहि त्याच्या कानांवर पडते, आणि शाळेंत त्याला छापील मराठींत प्रश्न विचारला जातो. शहरांतील मुलाला जेथें एक प्रश्न सोडवावयाचा असतो, तेथें या मुलाला दोन सोडवावे लागतात: पहिला, विचारणारा काय म्हणतो आहे हा, आणि दुसरा, त्याचें उत्तर काय हा. पहिल्यांतच त्याचा वेळ संपतो आणि प्रगतिपुस्तकावर शेरा मात्र दुसऱ्याबद्दलचा पडतो.

तेव्हां खेळ इंग्रजींतून हिंदींत आला आणि हिंदींतून मराठींत आला, ही मजल मोठी खरी; परंतु ती शेवटची नव्हे. मराठींतहि उंच व सखल अशा पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या उतरून जो खालीं येतो, त्यालाच पोडावरच्या मुलाचें उत्तर ऐकूं येईल. शिवाय, त्या मुलाला रानांतील ज्या झाडापाल्याची ओळख असते, ती संगणकाच्या पडद्यावर दिलेल्या चार पर्यायांत बहुधा नसते. चार पर्यायांच्या बाहेरहि ज्ञान आहे, ही जाणीव ज्या प्रश्नकर्त्याच्या मनांत जागी आहे, तोच पर्याय वाचतांना नम्र राहूं शकतो.

या खेळावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, व तो विचार करण्यासारखा आहे. विद्येचा असा बाजार मांडणें योग्य काय? चार उत्तरांतून एक निवडणें यांत बुद्धीपेक्षां स्मरणाचा व दैवाचा भाग अधिक. आणि कोटि रुपयांचें आमिष दाखवून लोकांना ज्ञानाकडे बोलावणें म्हणजे मुलाला साखर दाखवून देवळांत नेण्यासारखें आहे. या आक्षेपांत तथ्य नाहीं, असें कोणी म्हणूं नये. वाहिनी हा व्यापार आहे. जाहिरातदारांच्या पैशावर तो चालतो. आणि यक्षाला धर्म जाणून घ्यावयाचा होता, तसा कांहीं येथें कोणाचा हेतु नसतो. परंतु दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. आपल्या नित्याच्या परीक्षांतहि स्मरणाचीच पूजा चालते. आणि तेथें चुकलेल्या मुलाच्या वांट्याला टाळी कधीं येत नाहीं. येथें चुकलेला मनुष्यहि टाळ्यांच्या गजरांत, कांहीं ना कांहीं पदरांत घेऊन उठतो. चुकणें म्हणजे अपराध नव्हे, हा धडा देशांतील शाळांनीं अजून पुरता शिकविलेला नाहीं. तो या करमणुकीनें शिकविला असेल, तर तेवढें श्रेय तिला दिलें पाहिजे.

२०१९ हेंच साल आणखी एका कारणानें वऱ्हाडच्या लोकांना आठवतें. त्या वर्षीं हिंदी कार्यक्रमांत अमरावती जिल्ह्यांतील अंजनगांव सुर्जी येथील सौ. बबिता ताडे यांनीं एक कोटि रुपये जिंकले. शाळेंतील मुलांसाठीं खिचडी शिजविणें हें त्यांचें काम, आणि त्याबद्दल महिन्याला मिळणारी रक्कम पंधराशें रुपये. ज्या शाळेच्या चुलीशीं त्या उभ्या राहत, त्या शाळेच्या वर्गांत त्यांना प्रश्न विचारावा असें कोणाच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें. तो प्रश्न त्यांना मुंबईस जाऊन ऐकावा लागला. त्यांचें ज्ञान त्या दिवशीं निर्माण झालें नाहीं. तें चुलीशींहि होतेंच. त्या दिवशीं झालें तें एवढेंच कीं, कोणी तरी विचारलें.

पुढें या दोन आसनांवरील दोन प्रश्नकर्त्यांची गांठ निराळ्याच ठिकाणीं पडली, आणि ती विदर्भांत पडली. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षक श्री. विजय बारसे यांनीं झोपडपट्टींतील मुलांना फुटबॉल शिकविण्याचें काम उभें केलें. त्यांच्या जीवनावर आधारलेला ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट मंजुळे यांनीं नागपुरांत तयार केला व तो ४ मार्च २०२२ रोजीं प्रदर्शित झाला. त्यांत शिक्षकाची भूमिका अमिताभ बच्चन यांनीं केली. आणि त्यांच्यासमोर उभीं राहिलेलीं मुलें पुष्कळशीं नागपूरच्या वस्त्यांतलींच होतीं. ज्या मनुष्यानें साऱ्या देशाला हिंदींत प्रश्न विचारले, तो येथें मराठी प्रश्नकर्त्याच्या सांगण्याप्रमाणें झोपडपट्टींतील मुलांचा गुरु झाला. या मुलांना तोंवर समाजानें एकच प्रश्न विचारला होता: तुम्ही येथें काय करतां? बारसे यांनीं त्यांना दुसरा विचारला: तुम्हांला खेळतां येतें काय? प्रश्न बदलतांच मुलें बदललीं. चित्रपटाचें सारें मर्म एवढ्यांत आहे.

‘कोण होणार करोडपती’ चें आसन २०२१ सालापासून पुन्हां श्री. खेडेकर यांच्याकडे आलें आणि मंजुळे आपल्या चित्रपटांच्या कामांत गढून गेले. त्यांचा या आसनावरील काळ एका पर्वापुरताच, म्हणजे थोडा, होता. परंतु इतिहासांत एखाद्या गोष्टीचें मोल तिच्या लांबीवरून ठरत नसतें. १८५६ सालीं ज्याला वर्गांत घेऊन प्रश्न विचारण्यास कोणी तयार नव्हता, अशा मुलाची आठवण ठेवली, तर शाळेच्या पायाचे दगड घडविणाऱ्या समाजांतील एक मनुष्य साऱ्या महाराष्ट्राला प्रश्न विचारण्यास बसतो आणि सारा महाराष्ट्र त्याच्यासमोर उत्सुकतेनें बसतो, हें चित्र लहान म्हणतां येणार नाहीं.

बक्षिसाच्या रकमा खर्च होतात, कार्यक्रम बंद पडतात, नवे निघतात. मागें उरतें तें प्रश्न विचारण्याचें वळण. वर्गांत शेवटच्या बांकावर बसलेल्या, बोलीमुळें बुजलेल्या, उत्तर येत असूनहि हात वर न करणाऱ्या मुलाकडे वळून जो आदरानें विचारतो, तो कोणत्याहि दिव्यांच्या झगमगाटाशिवाय त्याच आसनावर बसलेला असतो. झरी जामणीपासून मुंबईपर्यंत प्रत्येक शाळेंत तें आसन आहे, आणि त्यावर बसण्यास कोणत्याहि वाहिनीची परवानगी लागत नाहीं.